निळी बाटली आणि मावशींचा खोकला

बाई, सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या मावशी बाथरूम धुता धुता खोकत बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी, आवाज बसलेला. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं निळं अ‍ॅसिड आणि घरातलं ब्लीच त्यांनी एकदमच ओतलं होतं. तेव्हापासून ठरवलंय, घरात केमिकल नको. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, बायोएंझाइम यांतलं काय काय आणू? पाणी बोअरचं आहे, नळांवर पांढरे थर बसतात. आणि बाळ रांगायला लागलंय.
– एक वाचक, नाशिक

तुमच्या मावशींनी नकळत क्लोरीन वायू तयार केला. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, संडासाचं अ‍ॅसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक. दोन्ही भेटले की क्लोरीन सुटतो. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता तोच. हवेपेक्षा अडीचपट जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशीच. मी एकतीस वर्षं हा वायू फळ्यावर शिकवला आणि घरी मात्र या दोन्ही बाटल्या मोरीतल्या एकाच फळीवर ठेवत होते. मावशींचा खोकला अजून असेल किंवा धाप लागत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि काय काय मिसळलं होतं ते सांगा.

आता खरेदीचं. तुम्ही आणखी तीन वस्तू आणायला निघालात, मी म्हणते आधी कमी करा. ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं तरी क्लोरीनच सुटतो, बरं का. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. त्याच्याशी ब्लीचची गाठ पडली तर क्लोरामाइन तयार होतं, तेही छातीला तितकंच वाईट. मोरीत बाटल्या जितक्या कमी, तितक्या या गाठीभेटी कमी. ‘नैसर्गिक’ शब्द आणि बाटलीवरचा लिंबू बघून तर काहीच घेऊ नका. लिंबाचं चित्र छापायला लिंबू लागत नाही.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ माझी सूनही पाठवते. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळी होतात, मागे राहतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं खारट पाणी. वेगवेगळे वापरा: तेलकट ओट्याला सोडा, क्षारांना आम्ल.

नळांवरचे तुमचे थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्त्व मिळतं ना, तेच सायट्रिक अ‍ॅसिड. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासून धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. आणि फरशी कोटा, शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी असेल तर कुठलंही आम्ल तिच्यावर नको. हे दगडही कॅल्शियम कार्बोनेटचेच. थरांबरोबर फरशीही जायची. माझ्या ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू पिळल्याचा एक पांढरा डाग आहे, अकरा वर्षं झाली.

बायोएंझाइम मी तीनदा केलं. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिल्यांदा मे महिन्यात झाकण सैल करायला विसरले आणि गॅलरीत बाटली फुटली. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गुळाचं पाणी उडालं. प्लॅस्टिकची बाटली होती म्हणून निभावलं. पहिला महिना रोज वायू सोडावा लागतो. पाण्यात मिसळून फरशी पुसायला छान आहे, सालीही सत्कारणी लागतात. पण ते सौम्य आंबट द्रव आहे, जंतुनाशक नव्हे.

रांगत्या बाळाच्या फरशीला रोज जंतुनाशक लागतच नाही. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मग साध्या पाण्याचा एक हात, पुरे. फिनेलचा वास आला की घर स्वच्छ, ही सवय आपल्या नाकाला लागली आहे. घरात मांजर असेल तर काळं फिनेल मुळीच नको. त्यातली फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि ते पाय चाटतंच.

मग ब्लीच हद्दपार? नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर माझ्याकडे लिंबूसत्त्व चालत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर लिटरभर गार पाण्यात २० मिली, खिडकी उघडी, हातात मोजे. आधी घाण पुसून मग हे लावायचं, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

बाजारातलंच घ्यायचं तर सरकारचं ‘इकोमार्क’ हे चिन्ह आहे, मातीच्या मडक्याचं. योजना १९९१ची, २०२४मध्ये नव्या नियमांनी पुन्हा मांडली. मला मात्र आमच्या दुकानात ते मडकं अजून दिसलेलं नाही.

ती निळी बाटली मोरीत ओतू नका. तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर त्यातले उपयोगी जिवाणूही मरतील. वर मोठ्या अक्षरात ‘अ‍ॅसिड’ लिहा, बाळाच्या हातापासून उंच ठेवा आणि घंटागाडीवाल्याला सांगून घातक कचऱ्यात वेगळी द्या.

•

बाई, मुलीला सातवा महिना आहे. आईने लोखंडी पेटीतल्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला काढली आहेत. डांबरगोळ्यांचा वास जात नाही, काय करू?
– रत्नागिरीहून

डांबरगोळी बहुधा नॅफ्थलीनची असते. काही बाळांत जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ वाढते. ते बाळ कोणतं, हे जन्माआधी आपल्याला कळत नाही. म्हणून साड्या आधी चार-पाच दिवस उघड्यावर उन्हात टाका, मग गरम पाण्यात दोनदा धुवा, पुन्हा वाळवा. तरी वास राहिला तर त्या साडीची गोधडी करा, पण मोठ्यांसाठी. पेटीतल्या उरलेल्या गोळ्या आत्ताच काढा, बाळाला त्या साखरेच्या खड्यांसारख्या दिसतात. पेटी पुसून उन्हात ठेवा आणि आत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी टाका. दर दोन महिन्यांनी बदलावी लागेल. दुपट्यांना चार-पाच दिवसांचं ऊन मिळायला हवं, तेव्हा पावसाळ्याआधी उरका.