‘चवथीनंतर घेऊन ये’: तुमची केस या एका मेसेजवर उभी आहे

म्हापशाचे एक वाचक लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतात. १४ ऑगस्टला त्यांनी मडगावच्या एका दुकानातून ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय असा ७१,४०० रुपयांचा माल घेतला. प्रोसेसर ऑनलाइन मागवला आणि कॉम्प्युटर घरीच जोडला. मशीन चालू होते, विंडोज चढते, पण ग्राफिक्स कार्ड कुठेच दिसत नाही. ३ सप्टेंबरला दुकानदाराने कार्ड ठेवून घेतले आणि दहा दिवसांनी ‘कार्ड ओके आहे, तुमच्या जोडणीत दोष’ असे सांगून परत दिले. बिलामागे छापले आहे : माल चालत नसल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, तरच बदलून मिळेल, त्यानंतर कंपनीची वॉरंटी. वाचक विचारतात, ‘मी फोन आणि व्हॉट्सॲपच केले, लेखी काहीच दिले नाही, चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, गडबड होती. आता काही होऊ शकते का?’

होऊ शकते. पण तुम्ही पत्रात तीन पाने कार्डाच्या किमतीवर आणि दुकानदाराच्या उद्धटपणावर खर्च केली आहेत आणि कामाची गोष्ट शेवटच्या ओळीत ‘तसा एक मेसेज केला होता’ म्हणून उरकली आहे. इन्व्हर्टर असो, फ्रिज असो, अशी पत्रे घेऊन येणारे सगळे हेच करतात. वस्तू किती वाईट निघाली हे पोटतिडकीने सांगतात. कधी कळवले, कशावर कळवले, हे विचारले की डोके खाजवतात.

तर तो मेसेज. १८ ऑगस्टच्या रात्री तुम्ही फोटोसह लिहिले, ‘कार्ड डिटेक्ट होत नाही, काय करू?’ दुसऱ्या दिवशी दुकानातून उत्तर आले, ‘ड्रायव्हर टाकून बघ. नाही झाले तर चवथीनंतर घेऊन ये.’ ‘लेखी’ म्हणजे वकिलाच्या लेटरहेडवरचे, असा तुमचा समज दिसतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ प्रमाणे जिथे कायद्याला लेखी हवे असते, तिथे नंतर वाचता येईल अशा स्वरूपात जपलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर चालतो. बिलावरची अट हा कायदा नव्हे, करार आहे, हे खरे. पण त्या अटीतही कागदच हवा असे कुठे म्हटलेले नाही. १८ ऑगस्ट हा चौथा दिवस. अट पाळली गेली आहे.

दुकानदाराचे उत्तर तर तुमच्या मेसेजपेक्षाही मोलाचे. भारतीय करार कायद्याचे कलम ६३ सांगते की ज्याच्या हिताची मुदत आहे, तो ती स्वतः वाढवून देऊ शकतो. सात दिवसांची मुदत त्याच्या सोयीची होती. ‘चवथीनंतर घेऊन ये’ म्हणून त्यानेच ती पुढे ढकलली आणि ३ सप्टेंबरला कार्ड हातात घेऊन त्यावर शिक्कामोर्तब केले. आता ‘उशीर झाला’ म्हणायला त्याला तोंड नाही. मालविक्री कायदा, १९३० मध्ये कलम ४२ आहे : माल नाकारत असल्याचे न कळवता वाजवी काळ तो ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरतात. एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे सहसा माल परत करण्याचा हक्क जातो, नुकसानभरपाईचा तेवढा उरतो. तुमच्याविरुद्ध हेच कलम वापरले जाईल आणि त्याला तुमच्याकडे ही दोन वाक्येच उत्तर आहेत. ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणजे ‘नाकारतो’ असे होत नाही, असा कीस दुसरी बाजू काढेलच. म्हणून त्याचे उत्तर सोबत हवे.

आणि ही दोन वाक्ये तुमच्या फोनमधून पुसली जाणार आहेत! तुम्हीच लिहिले आहे की त्या चॅटवर ९० दिवसांनी मेसेज नाहीसे होण्याची सोय चालू आहे. हिशेब करा : १८ ऑगस्टचा मेसेज १६ नोव्हेंबरला जाईल, दुकानदाराचे उत्तर १७ नोव्हेंबरला. हे वाचून होताच बाकीचे सगळे बाजूला ठेवा. चॅट उघडून दुकानाचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. मेसेज दाबून धरला की जपून ठेवण्याचा पर्याय येतो, तो वापरा; पण ज्याने मेसेज पाठवला तो हे जपणे रद्द करू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा सलग व्हिडिओ घ्या : आधी संपर्काचा नंबर, मग मेसेज, मग तुम्ही पाठवलेला फोटो. चॅट एक्सपोर्ट होत असेल तर फोटोंसह स्वतःच्या ईमेलवर पाठवा. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरूनच काढलेला अंक-अक्षरांचा ठसा) लिहायचे असते. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो. तरीही प्रमाणपत्र लावा. समोरच्या वकिलाला एक आक्षेप कमी मिळेल.

आता दोषाकडे. तुम्ही ‘कार्ड खराब आहे’ असे ठामपणे लिहिता. कशावरून? तुमच्या ७६०० मालिकेतल्या रायझन प्रोसेसरमध्ये स्वतःचे साधे ग्राफिक्स असते, म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तरी चित्र दिसते आणि कार्ड मेलेले आहे की नुसते झोपलेले, ते कळत नाही. नोटीस पाठवण्याआधी खालील तपासणी करा आणि प्रत्येक पायरीचा फोटो ठेवा. ती न करता आयोगापुढे गेलात आणि कार्ड दुसऱ्या मशीनवर चालले, तर केस तिथेच संपेल.

मशीन बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा, मग कार्ड काढा. ते प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये हवे. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण अनेक बोर्डांवर त्याला चारच लेन (डेटा जाण्याचे मार्ग) मिळतात, आणि काही बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी डिस्क) लावली की तो बंदच पडतो. बसवताना टोकाची खिट्टी ‘टक’ वाजली पाहिजे. घरच्या जोडणीत हमखास फसते ते मागच्या पट्टीचा स्क्रू आवळताना : कॅबिनेटची पट्टी वाकडी असेल तर स्क्रू घट्ट होतो तसे कार्डाचे दुसरे टोक स्लॉटमधून उचलले जाते. वरून बसलेले दिसते, संपर्क मात्र नसतो. स्क्रू सैल ठेवून एकदा चालू करून पाहा.

मग वीज. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. तुमचे कार्ड ११५ वॅटचे आहे, म्हणजे आठ पिनांची वेगळी केबल हवीच. ती १५० वॅटपर्यंत देते. ही केबल ६+२ अशी फुटते. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते आणि तिच्यात १२ व्होल्ट व ग्राउंडच्या जागा उलट असतात. जोर लावून एकीच्या जागी दुसरी घुसवली असेल तर जळलेल्याची जबाबदारी तुमची, आणि वॉरंटीही विसरा. पॉवर सप्लाय मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा, असल्यास जुन्या सप्लायची केबल चुकूनही वापरलेली नाही ना, ते पाहा. कार्डाच्या बाजूचे टोक सारखे असले तरी सप्लायच्या बाजूच्या पिना कंपनीगणिक बदलतात.

त्यानंतर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारे मदरबोर्डमधले सॉफ्टवेअर. सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे त्याची साठवलेली सेटिंग पुसण्यासाठी वीज तोडून नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून ठेवा. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. कार्ड उभे लावायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये लावा. जुनी रायझर स्लॉटच्या चौथ्या पिढीच्या (पीसीआय एक्सप्रेस ४) वेगाला टिकत नाही, बायोसमध्ये तिसरी पिढी निवडली की चालते. मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टला लावा आणि बोर्डावर ‘व्हीजीए’चा (ग्राफिक्सची अडचण दाखवणारा) छोटा दिवा पेटून राहतो का ते टिपा.

दुकानदाराचे ‘ड्रायव्हर टाकून बघ’ किती पोकळ होते, ते पुढच्या चाचणीत कळेल. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा द्या. यादीत कार्ड आले, तर हार्डवेअर जागे आहे आणि भानगड विंडोजची किंवा ड्रायव्हरची. मग कोर्टाची पायरी चढू नका. यादीतही नाही, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही : कार्ड, स्लॉट, वीज किंवा प्रोसेसरचे सॉकेट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि ‘कोड ४३’ येत असेल, तर ते ‘डिटेक्ट होत नाही’ या तक्रारीत बसतच नाही. कार्ड सापडलेले असते, फक्त नीट वागत नसते. नोटिशीत हा फरक चुकवू नका.

शेवटी अदलाबदल. तुमचे कार्ड दुसऱ्या चालत्या मशीनवर आणि दुसरे चालते कार्ड तुमच्या बोर्डवर लावून पाहा. हे घरी मित्राच्या मशीनवर करू नका. म्हापशात किंवा पणजीत जॉब शीट देणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे करा आणि दोन्ही निकाल, कार्डाचा सीरियल नंबर व तारीख लिहून घ्या. कार्डाचा हीटसिंक कोणालाही उघडू देऊ नका. पावसाळ्यातल्या आपल्या खाऱ्या, ओल्या हवेने सोनेरी संपर्कपट्टी काळवंडते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला हरकत नाही, पण आधी फोटो.

कार्ड दुसरीकडे चालले आणि तुमच्या बोर्डवर कुठलेच कार्ड चालेना, तर? घाबरू नका. बोर्ड त्याच दुकानाचा, त्याच बिलावरचा, आणि तुमच्या मेसेजमध्ये ‘कार्ड खराब’ नव्हे, ‘डिटेक्ट होत नाही’ असे आहे. नशिबाने शब्द बरोबर पडले. बोर्डालाही तो मेसेज लागू पडतो असा युक्तिवाद करता येईल, मानला जाईलच अशी खात्री नाही. फक्त प्रोसेसर काढून सॉकेट नीट पाहा. या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. एखादी वाकलेली निघाली तर स्लॉट मुका होऊ शकतो, आणि ती तुम्ही वाकवली नाही हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य.

तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, यावर मी हातचे राखून बोलतो. बिल स्टुडिओच्या नावाने आहे. जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतले की नाही, ते तुम्ही लिहिलेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधून व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू वगळलेली नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या रिक्षाचे उदाहरण दिले आहे. तुम्ही एकटे किंवा एखाद्या मदतनिसाला घेऊन काम करत असाल तर बाजू बरी. पाच एडिटर पगारावर असतील तर अवघड. तक्रारीत ही माहिती पहिल्याच परिच्छेदात हवी.

‘मडगाव न्यायक्षेत्रापुरते मर्यादित’ या बिलावरच्या छापाने दबून जाऊ नका. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, म्हणजे तुमच्यासाठी उत्तर गोवा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत, कलम ६९ प्रमाणे, दोन वर्षे. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती लांबत नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. कागदावर. प्रयोगशाळा शोधणे, तिची फी तक्रारदाराने भरणे, अहवालावर आक्षेप, यात तारखांवर तारखा जातात; म्हणूनच वरची जॉब शीट स्वतःहून जोडा. बुडालेल्या लग्नाच्या ऑर्डरींची भरपाई मागा, पण करारपत्रे नसतील तर फारशी आशा धरू नका.

नोटिशीआधी एक मेसेज आजच दुकानाला करा, साध्या भाषेत : ‘३ सप्टेंबरला तुमच्याकडे दिलेले कार्ड तुम्ही १३ सप्टेंबरला परत केलेत. कोणत्या मशीनवर काय तपासले त्याचा लेखी अहवाल द्या.’ उत्तर आले तर कार्ड घेतल्याची कबुली मिळते; नाही आले तर तुमचा प्रश्न नोंदीवर राहतो. या चॅटवरची मेसेज पुसण्याची सोय तेवढी आधी बंद करा. आठवडाभर थांबून नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. त्यात १८ आणि १९ ऑगस्टचे मेसेज शब्दशः उतरवा, कार्ड की बोर्ड हे जॉब शीटप्रमाणे लिहा, आणि १५ दिवसांत बदली किंवा परतावा मागा. सदोष माल परत घ्यायचे नाकारणे ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा ठरते, हे वाक्य घाला. दुकानदाराच्या उद्धटपणावरची तीन पाने मात्र घरीच ठेवा.