बॉर्डर दिली की तिसरा बॉक्स खाली का उतरतो?

तुमचं म्हणणं असं: गावातल्या कृषी केंद्राच्या पेजवर बियाणं, खतं आणि फवारणी असे तीन बॉक्स एका ओळीत हवेत. 900 पिक्सेलच्या जागेत प्रत्येकी 300 दिले, पॅडिंग (मजकूर आणि बॉर्डरमधली मोकळी जागा) अन् बॉर्डर लावली, तर तिसरा खाली उतरला. मग पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट (बॉक्सला ओळीतून काढून सांगितल्या जागी ठेवणारी सेटिंग) देऊन वर ओढायला गेलात, तर तो थेट पेजच्या कोपऱ्यात.

भाऊ, आधी ते अ‍ॅब्सोल्यूट काढा. दुखणं तिथं नाहीच.

सांगितलं नाही तर सीएसएस (पेजचं रूप ठरवणारी भाषा) विड्थ, म्हणजे रुंदी, धरतं ती फक्त आतल्या मजकुराची. तुम्ही दोन्ही बाजूंना 10-10 पॅडिंग आणि 2-2 बॉर्डर दिली, म्हणजे एक बॉक्स झाला 324 चा, तिन्ही मिळून 972. बसतील कुठून? वावर धुरा धरून मोजायचं की सोडून, यावरून आपल्याकडं भांडणं होतात ना, तोच हा मामला. धुरा धरून मोजायला सांगा: सगळ्या बॉक्सना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स. आता 300 म्हणजे बॉर्डरसकट 300. (जुना ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर 5 आपणहून असंच मोजायचं आणि त्यापायी शिव्या खायचं!)

इनलाइन-ब्लॉक (बॉक्स शब्दांसारखे एका ओळीत मांडणारी सेटिंग) वापरत असाल तर एवढ्यावरही भागणार नाही. कोडमध्ये दोन बॉक्समध्ये मारलेलं एंटर पेजवर स्पेस होऊन उमटतं, आणि तेवढ्यानं तिसरा पुन्हा खाली. त्यापेक्षा बाहेरच्या डिव्हला (तिन्ही बॉक्स ज्यात आहेत त्या मोठ्या बॉक्सला) डिस्प्ले: फ्लेक्स, फ्लेक्स-रॅप: रॅप आणि गॅप: 12 पिक्सेल द्या, आतल्या बॉक्सना फ्लेक्स: 1 1 240 पिक्सेल (म्हणजे 240 धरून चाला, जागेप्रमाणं वाढा नाहीतर आटा). मोठ्या स्क्रीनवर तिन्ही एका ओळीत राहतात, मोबाइलवर एकाखाली एक. तुमचं गिऱ्हाईक मोबाइलवरच पाहणार.

अ‍ॅब्सोल्यूट कामाचं कुठं? बॉक्सच्या कोपऱ्यात ‘नवीन’ची पट्टी लावायची असेल तिथं. त्यासाठी बॉक्सला पोझिशन: रिलेटिव्ह हवंच, नाहीतर पट्टी पेजचाच कोपरा धरते. अन् टॉप: 0, राइट: 0 दिलं की ती बॉर्डरच्या आतल्या काठाला टेकते, बॉर्डरवर चढत नाही. चढवायची तर दोन्हीकडं उणे 2 पिक्सेल.

कोणता बॉक्स कुठवर पसरलाय एवढंच पाहायचं असेल, तेव्हा बॉर्डरऐवजी आउटलाइन लावा. ती जागा घेत नाही, त्यामुळं बाकीचे बॉक्स हलत नाहीत.