दुकान घेण्याआधी पाटीचं बघा (अमेरिकेत एलईडी बोर्ड लावायचा असेल तर)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. ग्रीन कार्ड इतक्या वर्षांनी हातात येतंय त्याबद्दल आधी अभिनंदन. पुढच्या वर्षी येऊन मोठ्या भावाबरोबर मेन रोडवरचं चालू ग्रोसरीचं दुकान घ्यायचंय, समोरच्या खांबावर अक्षरं पळणारा एलईडी बोर्ड लावायचाय आणि तो तिकडूनच स्वस्तात बनवून कंटेनरमधे टाकला तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. तर तो बोर्ड आणू नका, आणि इथे उतरल्या उतरल्याही घेऊ नका. का ते सांगतो, जरा लांबेल, पण मी यात स्वतः हात पोळून घेतलेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ओहायोत आहे, दुकान टाकून आता नऊ वर्षं झाली. इथे पाटीचे नियम ना केंद्र सरकार ठरवत ना मुख्यतः राज्य, ते ठरवतं तुमचं गाव. सिटी, व्हिलेज, टाउनशिप, काउंटी, ज्या कोणाच्या हद्दीत तुमची जागा असेल ते. प्रत्येकाचं झोनिंग कोड, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल याची नियमावली, वेगळं आणि त्यात पाट्यांचं एक अख्खं प्रकरण असतं. एकाच रस्त्यावर दोन मैल गेलात की गाव बदलतं आणि अलीकडे चालणारा बोर्ड पलीकडे बेकायदा होतो. ह्युस्टनला झोनिंग नाही म्हणून लोक फुशारकी मारतात, पण पाट्यांचं कोड तिथेही आहेच.

आता तुम्ही लिहिलंय की "शेजारच्या टायरवाल्याकडे तसाच बोर्ड आहे, मग आपल्याला का नाही मिळणार?" भाऊ, मीही अगदी हेच म्हणालो होतो. शेजाऱ्याचा बोर्ड म्हणजे तुमची परवानगी नाही. तो कदाचित नियम यायच्या आधीपासून उभा असेल, त्याला इथे ग्रँडफादर्ड म्हणतात, म्हणजे जुना आहे म्हणून राहू दिलाय, पण त्याला हात लावला, वाढवला, पाडून नवा केला, की सवलत संपली आणि आजचा नियम लागू.

माझं असंच झालं. मी दुकान घेतलं तेव्हा समोर उंच खांबावर जुनी पाटी होती, खाली हाताने अक्षरं सरकवून लावायची फळी. थंडीत शिडीवर चढून ती अक्षरं बदलणं म्हणजे काय असतं ते बोटांना विचारा! म्हटलं फळी काढून तिथे एलईडी बसवू. पाटीवाला कंत्राटदार म्हणाला हे नुसतं फेस चेंज आहे, परमिट म्हणजे फॉर्मॅलिटी, अॅडव्हान्स द्या. दिला. सिटी हॉलमधल्या बाईंनी ड्रॉइंग बघितलं आणि शांतपणे सांगितलं की नुसता चेहरा बदलणं वेगळं आणि साध्या पाटीची इलेक्ट्रॉनिक करणं वेगळं, हे केलंत तर अख्खी पाटी आजच्या कोडमधे बसायला हवी. आजच्या कोडमधे खांबच नव्हता, जमिनीलगतची बुटकी पाटी, जिला मॉन्युमेंट साइन म्हणतात, तेवढीच, आणि तिच्याही निम्म्याच भागात एलईडी. अॅडव्हान्स गेला तो गेलाच, वर बायकोने वर्षभर ऐकवलं ते वेगळं.

बरं, अक्षरं पळवायचं म्हणताय त्याचं. बहुतेक गावांत पळणारी, लुकलुकणारी, उड्या मारणारी अक्षरं बंदच आहेत. मजकूर स्थिर हवा आणि ठरावीक वेळाने बदलायचा. मोठ्या डिजिटल होर्डिंगसाठी फेडरल हायवे खात्याने २००७ साली ४ ते १० सेकंदांची रेंज देऊन ८ सेकंद सुचवले होते आणि दुकानांच्या पाट्यांसाठीही हा ८चा आकडा बऱ्याच कोडमधे दिसतो. पण काही गावं मिनिटाला एकदा म्हणतात, काही तासाला, आणि दिवसातून एकदाच बदला म्हणणारीही आहेत. दिवसातून एकदाच बदलायचं असेल तर एवढा महागडा बोर्ड कशाला, साधी फळी काय वाईट, असं माझं मत.

उजेडाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या कारण तक्रारी तिथेच होतात. पुष्कळ कोडमधे नियम असा की बोर्डामुळे आजूबाजूच्या उजेडात ०.३ फूट-कँडलपेक्षा (हे उजेड मोजायचं एकक) जास्त भर पडता कामा नये. मोजायचं किती लांबून, तर पाटीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्या, त्याला १००ने गुणा आणि वर्गमूळ काढा. म्हणजे २५ चौरस फुटांचा बोर्ड असेल तर ५० फुटांवरून, १००चा असेल तर १०० फुटांवरून. माझी बुटकी पाटी लागल्यावर समोरच्या घरातल्या आजींनी तक्रार केली, एका संध्याकाळी अंधार पडल्यावर कोड एन्फोर्समेंटचा, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा गावाचा माणूस टेप आणि हातात मावेल असं मीटर घेऊन आला. मला म्हणाला बोर्ड बंद कर, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाला पूर्ण पांढरा कर, परत आकडा लिहिला. वजाबाकी आली ०.५. माणूस भला, दंड नाही केला, दहा दिवस दिले. बोर्डाला उजेड ओळखणारा सेन्सर होता हो, पण बसवणाऱ्याने रात्रीची पातळी खाली आणलीच नव्हती! लॅपटॉप लावून पाच मिनिटांत काम झालं. बोर्ड बसवून झाल्यावर रात्री स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा एकदा, डोळ्यांवर आलं तर शेजाऱ्यांच्याही येतंय.

तिकडून बोर्ड का आणायचा नाही, तर इथे इलेक्ट्रिक पाटीवर यूएलसारख्या मान्य संस्थेचं लेबल बहुतेक ठिकाणी मागतात, पाट्यांसाठी यूएल ४८ हे स्टँडर्ड आहे. लेबल नसेल तर इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर पास करत नाही आणि लेबल नंतर लावून घेणं म्हणजे बोर्डापेक्षा जास्त खर्च. शिवाय पायाचं आणि वाऱ्याच्या जोराचं इंजिनिअरच्या शिक्क्याचं ड्रॉइंग लागू शकतं, आणि खड्डा खणायच्या आधी ८११ला फोन करून खालच्या गॅसच्या, विजेच्या लाइन्स मार्क करून घ्यायच्या, ते फुकट असतं, विसरू नका.

बोर्डवर बाकीच्यांच्या जाहिराती दाखवून पैसे काढू हा भावाचा विचार डोक्यातून काढा. स्वतःच्या जागेतल्या धंद्याची पाटी वेगळी आणि दुसरीकडच्या धंद्याची जाहिरात वेगळी, ती दाखवलीत की कायद्याने तुम्ही होर्डिंगवाले झालात. गावांना असा फरक करता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या केसमधे मान्य केलंय, आणि ती केस होर्डिंग डिजिटल करू द्यायची की नाही यावरूनच होती. मोठ्या हायवेच्या ६६० फुटांच्या आत असाल तर १९६५च्या हायवे ब्युटिफिकेशन अॅक्टमुळे राज्याचं परमिटही मागे लागतं. व्हरमाँट, मेन, हवाई, अलास्का या चार राज्यांत तर होर्डिंगच बंद.

व्हेरियन्स म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे नियमातून सूट मागायची. त्याला गावाच्या झोनिंगच्या मंडळासमोर जाहीर सुनावणी, शेजाऱ्यांना पत्रं, सगळं होतं. पण "पाटी मोठी असेल तर धंदा वाढेल" हे तिथे कारण धरत नाहीत. रस्ता वळणाचा आहे, जमीन खोलगट आहे, पाटी दिसतच नाही, असं जागेचंच काही अडचणीचं असेल तर जा, नाहीतर फी फुकट.

आणि दुकान प्लाझात असेल तर गावाच्या आधी लँडलॉर्ड. लीजमधे पाटीचं स्वतंत्र कलम असतं, अक्षरांचा रंग आणि आकारसुद्धा ठरलेला असू शकतो. खिडकीत एलईडीच्या माळा लावायचा आपल्या लोकांना फार सोस, बऱ्याच गावांत त्याही चालत नाहीत आणि खिडकीचा किती भाग पाट्यांनी झाकायचा यालाही मर्यादा असते.

तर भावाला सांगा, दुकानाचा पत्ता घेऊन झोनिंग ऑफिसला फोन कर, तिथली माणसं बऱ्यापैकी मदत करतात. जागा कुठल्या झोनिंग डिस्ट्रिक्टमधे, तिथे इलेक्ट्रॉनिक मेसेज सेंटर (कोडमधे एलईडी बोर्डाला हेच म्हणतात) चालतं का, की त्यासाठी कंडिशनल यूज परमिट, म्हणजे अटी घालून दिलेली खास परवानगी, लागतं, आणि आत्ता उभी असलेली पाटी कायदेशीर आहे का ग्रँडफादर्ड, हे विचारून उत्तर ईमेलवर मागून घ्यायचं. तोंडी उत्तर धरू नका. दुकानाची किंमत त्या पाटीच्या भरवशावर ठरत असेल तर खरेदीच्या करारातच वकिलाकडून तशी अट घालून घ्या.

फोन करण्याआधी अजून एक बघा, यात मीच फसलो होतो. पत्त्यावर ज्या शहराचं नाव असतं ते पोस्टाचं असतं, जागा त्या शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. मी पहिले तीन आठवडे चुकीच्या सिटी हॉलचं कोड वाचत बसलो होतो. काउंटीच्या वेबसाइटवर प्रॉपर्टीचा नकाशा असतो, ओहायोत तो ऑडिटरकडे मिळतो, बाकी ठिकाणी बहुधा असेसरकडे, त्यात पत्ता टाकला की खरी हद्द कळते. ते नाव कळलं की इथे टाका, त्या गावाचं कोड ऑनलाइन असलं तर पाट्यांचं प्रकरण काढून वाचतो आणि सांगतो.