खोक्याला बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावून घरात छोटं मॉडेल (विमान, गाडी वगैरे) स्प्रेने रंगवलं तर चालेल का? (बडोदा)

चालेल, पण रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक हवा. थिनरवाल्या लॅकरची वाफ थेट मोटरवरून जाते, ठिणगी पडली तर पेटेल. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माझा असाच जुगाड आहे. खोक्याचं तोंड ४५ बाय ४० सेंमी. हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जायची तर पंख्याने तासाला साधारण ३२५ घनमीटर ओढायला हवी. फिल्टर, पाइप लागले की ओढ बरीच घटते, म्हणून ६ इंची नको, ८ इंची घ्या. पाइप आखूड, सरळ, खिडकीबाहेर. उदबत्ती तोंडाशी धरून बघा: धूर रेंगाळला तर फिल्टर तुंबलाय. मास्क तरीही लावाच.