परदेशात शॅमेलिऑनचं पिल्लू आणलंय? आधी एवढंच बघा

अभिनंदन! पण दोन महिन्यांचं येमेनी शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) म्हणजे बोटाएवढा जीव, आणि तुम्ही ते दिवसातून दहादा हातात घेताय. आधी ते थांबवा. त्याला लाड नकोत, पानांचा आडोसा हवा.

- वाटीतलं पाणी ते सहसा पीत नाही. पानांवर फवारा, थेंब चाटेल. विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय.
- यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब हवीच. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. माझ्या पहिल्याचे पाय याच चुकीने वाकले.
- रातकिडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. वर चिमूटभर कॅल्शियम.

दिवसा डोळे मिटून बसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि भारतातल्या भावाला 'तूही पाळ' म्हणू नका. आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.