टाचणी म्हणजे चतुरासारखा, पण बारीक अंगाचा कीटक. तिच्या काही जातींत एकाच जातीच्या माद्या दोन रंगांच्या असतात, मग नर मादी ओळखतो कशी?

बराचसा अनुभवाने: ज्या रंगाच्या माद्यांशी आधी जुळलं, त्याच रंगामागे तो पुढेही लागतो. जपानमध्ये इश्नुरा सेनेगालेन्सिस या टाचणीवर झालेल्या प्रयोगांत हे दिसलं आहे. ही जात आपल्याकडेही तळ्याकाठच्या गवतात सापडते. तिच्या काही माद्या थेट नरासारख्या, हिरवट अंगाच्या आणि शेपटीच्या टोकाजवळ निळा पट्टा असलेल्या. बाकीच्या आधी नारिंगी, मग मळकट तपकिरी. नरासारखं दिसण्यात फायदा असा की नरांचा ससेमिरा चुकतो. मीलन तासन्‌तास चालतं, तेवढा वेळ अंडी घालणं अडतं. पण अशा माद्या तळ्यावर फार झाल्या की नर त्यांनाही ओळखू लागतात. (चुका होतातच, एखादा नर दुसऱ्या नरालाच पकडून बसतो.) मादी आपल्याच जातीची आहे का, हे मात्र नुसत्या रंगावर ठरत नाही: नराच्या शेपटीच्या टोकाचा चिमटा तिच्या मानेमागे नीट बसावा लागतो. या जातीत नारिंगी मादी दिसली तर तो तिसरा प्रकार समजू नका. ती तपकिरी प्रकारातलीच, अजून वयात न आलेली.