जीपीए चारच्या वर जातोच कसा?

प्रश्न: ताई, आम्ही अमेरिकेत असतो, मुलगी अकरावीला आहे. तिचा जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, ३.८ आणि मैत्रिणीचा ४.३! चारपैकी असतो ना हा? पोरगी रडकुंडीला आलीय.

उत्तर: अहो, तराजूच वेगळे असणार दोघींचे. साध्या जीपीएत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, विषय कुठलाही असो. वेटेडमध्ये, म्हणजे अवघड कोर्सला जादा वजन देणाऱ्या जीपीएत, बऱ्याच शाळा एपी, आयबीला (कॉलेजच्या तोडीचे कोर्स) १ पॉइंट जादा देतात, ऑनर्सला (नेहमीपेक्षा थोडे अवघड कोर्स) बहुतेक अर्धा, म्हणजे एपी केमिस्ट्रीतला बी पण ४ च धरला जातो, साध्या कोर्समधल्या ए एवढा. पण शाळेगणिक हिशोब वेगळा, म्हणून कित्येक कॉलेजं तो आकडा बाजूला ठेवून ट्रान्सक्रिप्टवरून (शाळेच्या गुणपत्रिकेवरून) स्वतःच जीपीए काढतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच बघा ना, नववीच्या ग्रेड्स त्यांच्या जीपीएत येतच नाहीत, दहावी-अकरावीच्याच येतात, आणि जादा पॉइंट फार तर ८ सेमिस्टर (सहामाही) कोर्सना, त्यातही दहावीचे जास्तीत जास्त ४. (बाहेरच्या राज्यातल्या मुलांना तर शाळेच्या ऑनर्सचं काहीच नाही, फक्त एपी-आयबीचं.) तेव्हा आधी काउन्सेलरला विचारा की तिचा ३.८ वेटेड आहे की साधा, मला तर साधाच वाटतोय.